पर्यावरण कायद्यावरचा लेख द्यायचा कुणाला: विद्यार्थी-संपादकांना की समीक्षकांना?

लेख लिहून झाला आहे. आता तो 'इकॉलॉजी लॉ क्वार्टर्ली'सारख्या, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे कायद्याचे विद्यार्थी १९७१ पासून चालवत असलेल्या नियतकालिकाला द्यायचा, की तज्ज्ञ समीक्षकांकडून तपासून घेणाऱ्या 'जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल लॉ'सारख्या ठिकाणी? मी दोन्ही वाटांनी गेलो आहे.

आधी समीक्षकांकडे गेलो. अमेरिकेच्या क्लीन वॉटर अॅक्टखाली (जलप्रदूषण रोखणारा कायदा) कोणत्या पाणथळ जागा येतात, हा विषय होता. निम्मा लेख भूजलावर असल्याने तो जाणकाराने वाचावा असं वाटत होतं. एका समीक्षकाने ओहोळ आणि भूजल यांच्या नात्यातली माझी चूक दाखवली. ती विद्यार्थ्यांच्या ध्यानात आली नसती, हे मानावंच लागेल.

पण तिथे लेख एका वेळी एकाच ठिकाणी देता येतो. उत्तर येईपर्यंत तो अडकलेला. माझा सगळा युक्तिवाद रापानोस खटल्यात (२००६) न्यायमूर्ती केनेडींनी मांडलेल्या 'लक्षणीय संबंधा'च्या कसोटीवर उभा होता, म्हणजे पाणथळ जागेचा जलवाहतुकीयोग्य पाण्याशी लक्षणीय संबंध असेल तर ती कायद्याखाली येते. लेख समीक्षकांकडे पडून असतानाच, २५ मे २०२३ ला, सॅकेट खटल्याचा निकाल लागला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटीच नाकारली. त्यानंतर हाती आलेले अभिप्राय जुनी कसोटी धरूनच लिहिलेले होते. अनेक महिन्यांचं काम वाया गेलं, याचा सल अजून आहे.

लेख नव्याने लिहिला आणि विद्यार्थ्यांच्या अनेक नियतकालिकांना एकदमच पाठवला. तिथे तशी मुभा असते. एकाचा होकार आला की बाकीच्यांना लवकर निर्णय द्या म्हणता येतं. तळटीपांचा जाच मात्र खरा, जवळजवळ प्रत्येक वाक्याला आधार मागतात. पण मसुदा नियम मी अंतिम म्हणून दिला होता, ते एका विद्यार्थिनीने मूळ फेडरल रजिस्टर (अमेरिकी सरकारचं राजपत्र) उघडून पकडलं. संपादक मंडळ दर वर्षी बदलतं, त्यामुळे मधेच नव्या माणसाला सगळं पुन्हा सांगावं लागलं, एवढीच कुरकुर.

बढतीसाठी समीक्षित लेखच मोजला जात असेल, किंवा विषय अमेरिकेबाहेरच्या कायद्याचा असेल, तर कदाचित समीक्षकांची वाट बरी. माझा पुढचा लेख फेब्रुवारीत, लेख पाठवण्याच्या हंगामात, विद्यार्थ्यांकडेच जाईल. त्यातला विज्ञानाचा भाग तेवढा आधी एका जलशास्त्रज्ञाकडून वाचून घेतो आहे.