उताऱ्यावरचे प्रश्न: सराव प्रश्नपत्रिका की भरपूर वाचन?

उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुलाचे गुण जाऊ लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. रोज एक सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, किंवा पुस्तकं हातात द्या, बाकी आपोआप जमेल. दोन्ही उपाय लागू पडतात, पण एकाच दुखण्यावर नाही. म्हणून आधी गुण नेमके कुठे गळतात ते पाहा; अर्ध्या तासाचं काम आहे.

मुलाने न पाहिलेले, त्याच्या इयत्तेचे दीड-दोनशे शब्दांचे दोन उतारे घ्या. एक त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि अडलेले शब्द मोजा. दुसरा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींवर चार-चार प्रश्न तोंडी विचारा.

ऐकलेलं कळतं पण स्वतः वाचलेलं कळत नाही, तर गाडी अक्षरओळखीपाशी किंवा वाचनाच्या वेगापाशी अडली आहे. शंभर शब्दांत दहा ठिकाणी अडखळणाऱ्याचं सगळं लक्ष शब्द जुळवण्यातच खर्च होतं. त्याला प्रश्नपत्रिकाही नको आणि जाडजूड पुस्तकही नको. सोपा मजकूर रोज दहा-पंधरा मिनिटं, तोच तीन-चारदा मोठ्याने, एवढंच. ऐकूनही कळत नसेल तर शब्दसंग्रह आणि विषयाची माहिती तोकडी आहे. तिथे वाचन हवं. तोंडी सगळं बरोबर आणि कागदावर चूक, तर सराव हवा.

सरावाचा फायदा लवकर दिसतो आणि लवकर थांबतोही. वेळेचा अंदाज येतो, ‘पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे’ यातला ‘चूक’ नजरेतून सुटत नाही, फसवे पर्याय ओळखू येतात. हे पर्याय बहुधा ठरावीक असतात: उताऱ्यातलेच शब्द उचललेला पण कार्यकारण उलटा केलेला, एरवी खरा पण उताऱ्यात नसलेला, आणि शीर्षकाच्या प्रश्नात एकाच परिच्छेदापुरता लागू पडणारा. मात्र बहुतेक घरांत प्रश्नपत्रिका तपासून गुण लिहिले की विषय संपतो, आणि मूल फक्त प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायला शिकतं. त्यापेक्षा एकच उतारा घ्या. प्रत्येक उत्तराला आधार देणारी ओळ अधोरेखित करायला लावा आणि बाकीचे पर्याय का चुकले ते बोलून घ्या.

शब्द शोधण्याची सवय अनुमानाच्या प्रश्नात उघडी पडते. ‘रमाने छत्री झटकून दाराशी ठेवली आणि टॉवेल मागितला.’ बाहेर हवा कशी होती? ‘उताऱ्यात दिलेलं नाही,’ असं उत्तर आलं तर आणखी पाच प्रश्नपत्रिकांनी फरक पडणार नाही. ‘छत्री का झटकली असेल?’ असं रोजच्या वाचनात थांबून विचारल्याने पडेल.

वाचनाचा परिणाम दिसायला महिने लागतात, पण तो टिकतो. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांच्या 1988 च्या प्रयोगात बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं होतं. खेळ माहीत असलेली कच्ची वाचक मुलं, खेळ माहीत नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा ते समजण्यात सरस ठरली. म्हणून गोष्टींच्या जोडीला माहितीपर मजकूरही द्या, आणि एका विषयावरचे चार-पाच लेख लागोपाठ द्या. ज्वालामुखीवरच्या दुसऱ्या लेखात ‘लाव्हा’, ‘उद्रेक’ हे शब्द पुन्हा भेटतात, तिसऱ्यापर्यंत ते मुलाचे होतात. नुसतं ‘वाचत बस’ म्हटलं तर मात्र तेच ते सोपं पुस्तक पुन्हा हातात येतं. वाचल्यावर पाच मिनिटं बोलणं हवंच.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, हा वाद त्यामानाने किरकोळ आहे. फक्त प्रश्न वाचावेत, पर्याय नाहीत, आणि मग उतारा सलग पूर्ण वाचावा. पर्याय आधी वाचले की चुकीची विधानंही डोक्यात घर करतात.

परीक्षा सहा महिन्यांवर असेल तर रोज वाचन आणि आठवड्याला एक उतारा, वेळ न लावता. शेवटच्या महिन्यात आठवड्याला तीन उतारे, त्यातला एक घड्याळ लावून. हातात दोनच आठवडे असतील तर सरावच करा, पण वाचनाच्या अडचणी त्यात सुटतील अशी अपेक्षा धरू नका.