पैसा आधी शेतात घालायचा की गव्हाणीत?

"भाऊ, मन्ही म्हैस माटी खास." जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात ही तक्रार नेहमी कानावर येते. म्हैस माती खाते, गोठ्याची भिंत चाटते, दावं चघळते, एखादी तर उकिरड्यावरचं हाड तोंडात धरून उभी असते. मग एक जण सांगतो, खनिज मिश्रण आणा. दुसरा म्हणतो, दोष चाऱ्याला टाकलेल्या खताचा आहे, तिथे सुधारा. चार-पाच म्हशी, चाऱ्याला अर्धा एकर आणि हातात बेताचा पैसा असेल, तर आधी काय करावं, त्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात युरियापासून करतो, कारण इथली चूक काही तासांत जनावर घेऊन जाते. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यामुळे कडवळावर, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीवर, हात सैल सुटतो. पीक नत्र (नायट्रोजन) मुख्यतः नायट्रेटच्या रूपात उचलतं आणि त्याची प्रथिनं बनवतं. पावसाने ओढ दिली किंवा आभाळ दाटून राहिलं की हे काम अडतं आणि नायट्रेट ज्वारीच्या ताटात साचतं, बुडख्याकडे सगळ्यात जास्त. म्हशीच्या कोटीपोटात (पहिल्या मोठ्या पोटात) त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरतं आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसतं.

याच ज्वारीत दुसरंही विष असतं, किराळ. कोवळ्या ताटात किंवा कापणीनंतरच्या फुटव्यात सायनाइड तयार होतं. त्यात रक्त उलट लालभडक राहतं. दोन्हींत जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं, म्हणून लोक सरसकट "किराळ लागली" म्हणतात. पण हा फरक जिवाचा आहे. किराळीवर दिलं जाणारं सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या जनावराला दिलं तर विषात भर पडते; तिथे मिथिलीन ब्लू लागतं. जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ या क्रमांकावर फोन कराल तेव्हा हिरड्यांचा रंग आणि युरिया कधी टाकला होता, हे आधी सांगा.

चारा वाळवण्यातही दोघांत फरक आहे. चांगलं वाळवल्यावर सायनाइडचा बराच भाग उडून जातो, नायट्रेट मात्र कडब्यातही तसंच राहतं. मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात) ते काही प्रमाणात कमी होतं. ज्वारी सोडून मका लावला तर किराळीची भीती जाते, युरियाची जात नाही. म्हणून माझं मत असं: ज्वारी लावा किंवा मका, युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या, ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर कापा, ताण मोडणारा पाऊस पडला की आठवडाभर थांबा आणि कापताना वीतभर बुडखा शेतात राहू द्या. याला खर्च काहीच नाही. आणि या विषापुढे गव्हाणीतली कुठलीही पिशवी उपयोगी पडत नाही. इथे निकाल शेताच्या बाजूने.

पालाशाचं (पोटॅशचं) गणित वेगळं. केळीला एका झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस असते, अनेकांचा हात त्याच्याही पुढे जातो. घड उतरला की खांब चिरून ढोरांपुढे पडतो. त्यात पाणी भरपूर, प्रथिनं नावाला आणि पालाश खूप. जास्त पालाश पोटात मॅग्नेशियम शोषू देत नाही. नेदरलँड्समध्ये केम्प आणि ट हार्ट या संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवलं की चाऱ्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने पालाश (वजनाने नव्हे, रासायनिक तुल्यभाराने मोजून) २.२ पटीवर गेलं की गाईंना झटके येण्याचा धोका वाढतो. तिथे कोवळ्या गवताची कुरणं होती, आपल्याकडे गव्हाण आहे, त्यामुळे ती गोष्ट इथे जशीच्या तशी लागू करू नये. पण विण्याआधीचे तीन आठवडे पालाशाने भरलेला चारा दिला तर दुग्धज्वराचा, म्हणजे विताना रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा, धोका वाढतो, हे आपल्या गोठ्यालाही लागू आहे. नाव ज्वर, पण ताप नसतोच. मध्यरात्री कंदील घेऊन गेलो तेव्हा म्हैस मान पोटाकडे वळवून बसलेली, कान हाताला गार लागले, ते मी विसरलेलो नाही. कॅल्शियमची सलाईन वेळेवर शिरेत गेली आणि ती उठली.

यावर बागेचं खत कमी करणं हा लांबचा उपाय झाला. सोपी गोष्ट ही की खांब दुभत्या जनावराला थोडा द्या, आटवलेल्या म्हशीला शेवटचे तीन आठवडे दादर ज्वारीचा कडबा द्या. त्या काळात कॅल्शियमचा भडिमारही नको, त्यानेही हाच आजार ओढवतो.

माती चाटणं आणि हाडं चघळणं बहुतेकदा स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण असतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून बसतं, आणि नुसत्या युरियावर चारा फोफावला की असलेलं खनिज त्यात विरळ होतं. दक्षिण आफ्रिकेत थायलर या पशुवैद्यकांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं की स्फुरदाची भुकेली गुरं हाडं चघळतात आणि त्या हाडांतल्या विषाने मरतात. आपल्याकडे याच कमतरतेने म्हशीला व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत लालमूत्र होतं, लघवी काळ्या चहासारखी. ताप असेल आणि गोचीड दिसत असतील तर कारण वेगळं असू शकतं, म्हणून लघवी-रक्त तपासून घ्या. इथे निकाल गव्हाणीच्या बाजूने. शेतातलं स्फुरद चाऱ्यात यायला हंगाम जातो, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आजच्या ढेपेत कालवता येतं. फक्त पैसे वाचवायला शेतातलं सुपर फॉस्फेट म्हशीला चारू नका, त्यातल्या फ्लोरिनने दात आणि हाडं खराब होतात. चाटण वीट ही बहुतांश मीठच असते, ती मिश्रणाची जागा घेत नाही.

जस्त कमी असेल तर कातडी खरखरीत होते, खुरं बिघडतात. मिश्रणात जस्त असतंच.

माती परीक्षण जरूर करा, पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पण मृद आरोग्य पत्रिकेतल्या १२ बाबींत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात. माझ्या हाती या महिन्यात एकाच गोष्टीचे पैसे असते, तर मी मिश्रणाची पिशवी आणली असती आणि त्याच दिवशी कडवळाचा उरलेला युरिया दोन हप्त्यांत वाटला असता. माती परीक्षण पुढच्या पेरणीआधी.