हिरव्यांचं म्युझियम, सेंत-एतिएन: त्या चौकोनी गोलपोस्टसाठी तरी जाच

फुटबॉलवर जीव असेल आणि फ्रान्समध्ये ल्योंपर्यंत जाणार असाल तर एक दिवस काढून सेंत-एतिएनला जाच. ल्योंहून ट्रेनने तासाभराच्या आत पोचता, पुढे ट्राम आहे, आणि जॉफ्र्वा गिशार स्टेडियममध्येच ए.एस. सेंत-एतिएन क्लबचं म्युझियम आहे, म्युझे दे व्हेर, म्हणजे हिरव्यांचं म्युझियम. डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालं आणि एखाद्या फुटबॉल क्लबने उभारलेलं फ्रान्समधलं हे पहिलंच.

बहुतेक लोक इथे ट्रॉफ्या बघायला येतील आणि त्यांना ट्रॉफ्या मिळतीलही, दहा वेळा फ्रेंच लीग जिंकलेला क्लब आहे हा, पहिली १९५७ ला आणि दहावी १९८१ ला, पॅरिसवाल्यांनी (पीएसजी) बरोबरी केली ती थेट २०२२ मध्ये. पण मी गेलो होतो ते हरलेल्या मॅचचा गोलपोस्ट बघायला.

१२ मे १९७६, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, युरोपियन कपची (आजच्या चॅम्पियन्स लीगची) फायनल, समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. फर्स्ट हाफमध्ये आपल्या बातनेने (म्हणजे सेंत-एतिएनच्या) लांबून जो शॉट हाणला तो क्रॉसबारवर, मग सांतिनीचा हेडर, तोही क्रॉसबारवर. आणि ५७ व्या मिनिटाला फ्रीकिकवर बायर्नच्या रॉथने गोल केला, १-० ने खेळ खल्लास. आता गंमत अशी की हॅम्पडेनचे पोस्ट तेव्हा गोल नव्हते, चौकोनी होते, कडा असलेले. बार गोल असता तर बॉल आत गेला असता हे सेंत-एतिएनमध्ये आजही लोक छातीठोकपणे सांगतात आणि 'चौकोनी पोस्ट' हा शब्दच फ्रेंचमध्ये फुटक्या नशिबासाठी वापरतात. क्लबने ते पोस्ट २०१३ ला स्कॉटलंडहून चक्क विकत आणले, वीस हजार युरोच्या आसपास मोजून!

मी त्या बारखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे. फोटोत कळत नाही पण समोर उभं राहिलं की ती कड बघून पोटात कसंतरी होतं. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, मला फ्रेंच येत नाही, पण ते काय सांगत होते ते शब्द न् शब्द कळलं. एका हाताची मूठ म्हणजे बॉल, दुसरा हात आडवा धरलेला म्हणजे बार, आधी हात आडवा सपाट ठेवून मूठ आपटली आणि मागे आणली, मग तोच हात वाकवून गोलसर केला आणि मूठ हळूच खालून आत सरकवली. नातू आजोबांच्या हाताकडे बघतोय, बारकडे बघतोय, परत हाताकडे. पन्नास वर्षं होत आली त्या मॅचला आणि त्यांचा हात अजून तो बॉल आत घालतोय, खरं सांगतो, माझे डोळे भरले.

एक सल्ला, जायच्या आधी थोडा इतिहास वाचून जा, नाहीतर नुसते जर्सी आणि फोटो बघून बाहेर याल. कासिनो म्हणून किराणा दुकानांची मोठी साखळी आहे तिथली, तिच्या कर्मचाऱ्यांनी १९१९ ला हा क्लब काढला, हिरवा रंग कासिनोचाच, आणि जॉफ्र्वा गिशार हे त्या कंपनीच्या संस्थापकाचं नाव. गाव कोळशाच्या खाणींचं, बंदुका आणि सायकलींच्या कारखान्यांचं. शिफ्ट संपवून आलेली माणसं स्टेडियम भरायची, आणि आवाज असा की त्याला नावच पडलं 'शोद्रों', म्हणजे रटरटता हंडा.

७६ ची टीम तर पाठच करून जा. गोलकीपर युगोस्लाव्हियाचा चुर्कोविच, डिफेन्समध्ये अर्जेंटिनाचा पियात्सा, सोबत लोपेझ आणि जानव्हियों, मधे कॅप्टन लार्के, बातने आणि सांतिनी, पुढे रेव्हेली बंधू, आणि लांब केसांचा रोशतो ज्याला 'हिरवा देवदूत' म्हणायचे. कोच एर्बें, आधी याच क्लबचा खेळाडू, १९७२ ला कोच झाला तेव्हा वय फक्त ३३. यातली बरीच पोरं क्लबच्याच ज्युनिअर टीममधून वर आलेली, त्या ज्युनिअर टीमने १९७० ला फ्रान्सचा युवा कप जिंकला होता, म्हणजे विकत आणलेली टीम नव्हती ती, घरात वाढवलेली होती. माझ्यासाठी या क्लबचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे.

आणि ७६ चीच डायनॅमो कीव्हविरुद्धची क्वार्टर फायनल विसरू नका, तिकडे २-० ने हरून आले, घरी एक्स्ट्रा टाइममध्ये ३-०, तिसरा गोल रोशतोचा, पायात गोळे आलेले असताना. फायनलला तोच रोशतो दुखापतीमुळे बेंचवर होता, शेवटची आठेक मिनिटं उतरला आणि तेवढ्यातच बायर्नला घाम फोडला. पूर्ण मॅच खेळला असता तर? असो. हरून आल्यावरही पॅरिसमध्ये शाँझेलिझेवर त्यांची मिरवणूक निघाली, हे किती क्लबांच्या नशिबी येतं सांगा.

माझ्या लाडक्यांपैकी अजून दोघं, मेखलुफी आणि केइता. मेखलुफी अल्जेरियाचा, १९५८ ला फ्रान्सकडून वर्ल्डकप खेळायची संधी तोंडावर असताना सगळं सोडून अल्जेरियाच्या स्वातंत्र्यासाठी खेळणाऱ्या टीममध्ये निघून गेला, नंतर या क्लबमध्ये परत आला तेव्हा लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं, १९६८ ची फ्रेंच कप फायनल २-१, दोन्ही गोल त्याचे. केइता मालीचा, १९६७ ला पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर उतरला तर घ्यायला कोणी नाही, गडी टॅक्सी करून थेट सेंत-एतिएनला, पाचेकशे किलोमीटर! फ्रान्सचा महान खेळाडू प्लातिनीपण इथे तीन वर्षं खेळला, ८१ ची लीग त्याच्याच वेळची, पण माझा जीव केइतामध्ये जास्त अडकतो.

नंतरची घसरगुंडी दुःखद आहे. १९८२ ला क्लबच्या काळ्या पैशाचं प्रकरण बाहेर आलं, प्रेसिडेंट रोशे गेले, १९८४ ला टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. २०१३ चा लीग कप सोडला तर १९८१ नंतर मोठं काही हाती लागलं नाही. २०२२ ला परत खाली, २०२४ ला वर, २०२५ ला पुन्हा खाली. त्या २०२४-२५ च्या टीममध्ये जॉर्जियाचा दाविताश्विली आणि बेल्जियमचा पोरगा स्तासें असे दोन खरे दर्जेदार खेळाडू होते, तरी टीम वाचली नाही, कारण डिफेन्स गळका होता.

वेळ किती ठेवायचा विचाराल तर घाईत बघू नका, अर्धा दिवस धरा. मी पुढच्या वेळी मॅचचं तिकीटपण काढणार आहे, टीम कुठल्या का डिव्हिजनमध्ये असेना, हंड्यातला आवाज एकदा कानांनी ऐकायचाय.