ओपनरची मूठ: सागवान की बाभूळ?

बाटलीच्या ओपनरचं लोखंडी तोंड लोहाराकडून घडवून आणलंय, लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) तयार आहे, फक्त मूठ कशाची कातायची ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही लाकडांच्या मुठी मी कातल्या आहेत, घरी वापरल्या आहेत, लोकांना दिल्या आहेत. शिसव मनात असेल तर रंगाला त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. पण त्याची धूळ मला सोसत नाही, शिंका थांबत नाहीत, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

सागवान पटकन हाताशी येतं. जुन्या वाड्याच्या चौकटीचा तुकडा मिळाला तर फारच छान. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळून स्थिर झालेलं असतं, पावसाळ्यात फुगून मूठ वेडीवाकडी होण्याची भीती नाही. त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, तेव्हा लेथवर चढवण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्यावा. गाउजखाली, म्हणजे कातायच्या खोलगट पटाशीखाली, ते भराभर गोल होतं. मात्र सागात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते धार खातात. दोन-तीन मुठी झाल्या की मला सहाणेकडे वळावं लागतं.

बाभळीचं उलट. ती मिळते वखारीत, जळणाच्या ढिगात, आणि बहुतेक वेळा ओली. घाईने उन्हात वाळवली तर टोकांकडून तडकते. बाहेरचं फिकट लाकूड किडे पोखरतात, म्हणून आतला तांबूस गाभाच घ्यायचा. भोक पाडताना ड्रिल तापतं, मधूनमधून बाहेर काढावं लागतं. एवढं सगळं असूनही आज माझ्या स्वयंपाकघरात जो ओपनर टांगलाय, त्याची मूठ बाभळीची आहे. कारण एकच, आणि ते कातण्यातलं नाही, चिकटवण्यातलं आहे.

माझ्या पहिल्या दोन मुठी सागवानाच्या. आठ मिलिमीटरचं भोक, साडेचार सेंटिमीटर खोल, त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) भरून ओपनरच्या तोंडाची निमुळती लोखंडी दांडी बसवली होती. एक भावाला दिली, एक मित्राला. चार-पाच महिन्यांत दोन्हींची तक्रार एकच: बाटली उघडताना मूठ हलते. भावाची मी हाताने ओढून पाहिली, तर लोखंड इपॉक्सीसकट अलगद बाहेर आलं. इपॉक्सी लोखंडाला घट्ट होतं, लाकडाच्या बाजूने मात्र गुळगुळीत, लाकडाचा एक तंतूही त्याला लागलेला नव्हता. सागाच्या अंगचं तेल. पाण्यापासून लाकडाला वाचवणारं हेच तेल चिकटवणाऱ्या कशालाही धरू देत नाही. हातात दिलेली वस्तू अशी परत आली की फार लागतं.

यावर उपाय आहे. भोक आतून खरवडायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि तेल पुन्हा वर येण्याआधी लगेच इपॉक्सी भरायचं. नंतरच्या मुठी मी अशाच बसवल्या, एकीत आडवी पितळी पिनही घातली, आणि त्या टिकल्या आहेत. पण झाकणावर जोर देताना सगळा ताण मुठीच्या तोंडाशी येतो, आणि सागवानाची मूठ कुणाला देताना माझ्या मनात अजून थोडी शंका राहते.

बाभळीत ती शंका कधी आली नाही. नांगर, बैलगाडीची चाकं, कुऱ्हाडीचे दांडे या झाडाचे होत आले ते उगाच नाही. एक मूठ तर मी खुरप्याला बसवतात तशी बसवली: आधी बारीक भोक, मग दांडी तापवून आत ठोकली, चिकटवायला काहीच नाही. दोन वर्षं झाली, हललेली नाही. मुठीच्या तोंडाशी पितळेची शेंबी, म्हणजे घट्ट बसणारं कडं, मात्र दोन्ही लाकडांना हवीच, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते.

वजनाचाही थोडा फरक पडतो. बाभूळ जड, त्यामुळे लोखंडी तोंडाशी तोल जमतो, हातात भरीव वाटतं. सागवानाची मूठ मला तोंडाच्या मानाने हलकी वाटते. ज्याचं तोंड पातळ पट्टीचं आहे त्याला कदाचित तीच बरी वाटेल.

पॉलिशला लाखेच्या वाटेला जाऊ नका. लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळते, आणि गार बाटलीच्या ओल्या हाताने तिच्यावर पांढरे डाग पडतात. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये नीट वाळू देऊन, एवढं दोन्हींना पुरतं.

तर मी बाभूळ सुचवेन, पण वाट बघायची तयारी असेल तरच. सव्वा इंची चौकोनी तुकडे करून टोकांना मेण लावा आणि सावलीत वर्षभर ठेवून द्या. तोवर हात बसावा म्हणून एक-दोन मुठी सागवानाच्या कातून घ्या, आणि भोक पुसायला ॲसिटोनची बाटली जवळच ठेवा.