एसएचफ्लॅग्ज, दहा महिन्यांनंतर: शून्य म्हणजे ‘हो’

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी वाचनालयाच्या स्कॅनच्या फाइली हलवणारी स्क्रिप्ट ‘तालीम’ हा फ्लॅग, म्हणजे कमांडसोबत द्यायचा पर्याय, लावून चालवली. तालीम लावली की काहीही हलवायचं नाही, काय हलेल तेवढं पडद्यावर दाखवायचं. तिनं काहीच दाखवलं नाही आणि दिवाळी अंकांची ४१ फोल्डरं खरोखर हलवून टाकली. सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला, “अहो, १९६२ चे अंक जागेवर दिसत नाहीत. तुम्ही काल काही केलंत का?” बॅकअप होता म्हणून दुपारपर्यंत सगळं पुन्हा लावता आलं. पण त्या दिवसापासून ती स्क्रिप्ट ज्यावर चालते त्या एसएचफ्लॅग्ज या लायब्ररीबद्दल (पुस्तकांची नव्हे, तयार कोडची) लिहायचं डोक्यात होतं.

एसएचफ्लॅग्ज काय आहे ते इथे बहुतेकांना माहीत असेल. स्क्रिप्टला दिलेले फ्लॅग वाचून देणारी, केट वॉर्ड यांनी लिहिलेली, २००८ पासूनची, गूगलच्या सी प्लस प्लस भाषेतल्या जीफ्लॅग्ज या तशाच लायब्ररीची शेलमधली, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली, आवृत्ती. एकच फाइल, स्क्रिप्टच्या सुरुवातीला सोर्स करायची (आत ओढून घ्यायची) आणि कामाला लागायचं. आमच्या वाचनालयाचे स्कॅन ज्या जुन्या मशीनवर आहेत तिथे पायथन नाही, आणि एवढ्यासाठी नवं मशीन मागायची माझी तयारी नाही. शेलमध्येच असलेलं, शेवटी ‘स’ लागणारं गेटऑप्ट्स फक्त एकाक्षरी फ्लॅग ओळखतं. स्कॅनिंगला येणाऱ्या स्वयंसेवकांना ‘वजा डी’ आणि ‘वजा आर’ यांतला फरक पाठ करायला लावणं मला पटत नाही. म्हणून ही निवडली.

आता त्या शून्याबद्दल. या लायब्ररीत तालमीसारखा, मूळ किंमत ‘नाही’ असलेला हो-नाही प्रकारचा फ्लॅग लावला की त्याची किंमत शून्य होते, नाही लावला तर एक. शेलच्या रीतीला धरूनच आहे हे: कमांड यशस्वी झाली की ती शून्य परत करते, ‘ट्रू’ ही कमांडसुद्धा शून्यच देते. पण त्याच शेलमध्ये दुहेरी गोल कंसातलं अंकगणित शून्याला ‘खोटं’ मानतं. मी अट त्या दुहेरी कंसात लिहिली होती. तालीम लावली, किंमत शून्य झाली, कंसानं तिला खोटं ठरवलं आणि स्क्रिप्ट थेट ‘नाहीतर’च्या फांदीवर गेली. बरं, चौकोनी कंसात नुसतं व्हेरिएबल टाकलं असतं तर? तिथे रिकामं नसलेलं काहीही खरंच असतं, म्हणजे शून्यही खरं आणि एकही खरं. एकाच फ्लॅगबद्दल एक कंस उलटं सांगतो, दुसरा कायम हो म्हणतो, आणि दोन्हीकडे चुकीचा संदेश म्हणून एक अक्षर येत नाही. कागदपत्रांत लायब्ररीच्या स्वतःच्या ‘ट्रू’ स्थिरांकाशी तुलना करायला सांगितलं आहे, ते मी वाचलंही होतं. तरी रात्री अकरा वाजता बोटं सवयीचंच लिहितात. फाइली हलवणाऱ्या किंवा पुसणाऱ्या स्क्रिप्टसाठी ही लायब्ररी घेत असाल तर बाकी काही वाचू नका, एवढं वाचा.

मार्चमध्ये दुसरं भांडण झालं. एक स्वयंसेवक स्वतःच्या मॅकवरून काम करतात. सर्व्हरवर दहादा चाललेली स्क्रिप्ट त्यांच्याकडे सुरूच होईना. उपलब्ध गेटऑप्टला (फ्लॅग सुटे करणारी, ‘स’ नसलेली वेगळी कमांड) ऑप्शनमधली मोकळी जागा चालत नाही, असा संदेश. आमच्या प्रत्येक फोल्डरच्या नावात जागा आहे, ‘दिवाळी अंक १९६२’ हे नाव दुसरं कसं लिहिणार? मी वैतागलो. इथे तिसऱ्या महिन्यातच दोन तारे द्यायचे ठरवले होते.

मग फाइल उघडून वाचायला बसलो आणि मत बदललं. लायब्ररी फ्लॅग सुटे करण्याचं काम (पार्सिंग) स्वतः करत नाही, ते ती मशीनवरच्या गेटऑप्टकडे देते. लिनक्सवर युटिल-लिनक्स या साधनसंचातलं सुधारित गेटऑप्ट असतं, त्याला लांब फ्लॅग कळतात आणि अवतरणातली जागा तो जपतो. मॅकवरचं गेटऑप्ट जुन्या बीएसडी वळणाचं आहे, त्याला फक्त एकाक्षरी फ्लॅग कळतात आणि ‘दिवाळी अंक १९६२’चे तो तीन तुकडे करतो. माझ्या आधीच्या, हातानं लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हेच तुकडे गुपचूप पुढे जायचे आणि ‘दिवाळी’ नावाचं रिकामं फोल्डर तयार व्हायचं. दोन वर्षं मी ती फोल्डरं पुसत होतो आणि स्वयंसेवकांची टायपिंगची चूक समजत होतो. असं जुनं गेटऑप्ट दिसलं की एसएचफ्लॅग्ज आधी प्रत्येक ऑप्शनमध्ये जागा आहे का ते तपासते आणि असली तर तिथेच थांबते. त्या तपासणीवर एक शेरा आहे: आजूबाजूला लावलेली ‘एक्स’ अक्षरं केवळ उबुंटू ६.०६ या जुन्या लिनक्सवरच्या केएसएच९३ या शेलसाठी आहेत. कुण्या एका जुन्या मशीनवरच्या एका शेलसाठी कुणीतरी इतकी काळजी घेतली, कारण लिहून ठेवलं, आणि त्यामुळे इतक्या वर्षांनी आमचे अंक वाचले. मला त्या शेऱ्याबद्दल फार आदर वाटतो.

मॅकवरचा उपाय सोपा निघाला. होमब्रूमधून (मॅकवर अशी साधनं बसवणारा प्रोग्रॅम) जीएनयू गेटऑप्ट घ्यायचं. ते आपणहून पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड शोधतं त्या जागांच्या यादीत, येत नाही, म्हणून लायब्ररीला त्याचा पूर्ण पत्ता एका व्हेरिएबलनं सांगायचा. झेडशेल हे शेल वापरणाऱ्यांना शब्द तोडण्याचा पर्यायही चालू करावा लागतो, नाहीतर लायब्ररी पुढे जाऊच देत नाही.

मदतीचा मजकूर आपोआप तयार होतो, मूळ किमतींसकट, आणि तो उत्तम आहे. त्यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

तर पुन्हा शून्याकडे. मे महिन्यात मी लायब्ररीच्या आमच्या प्रतीशेजारी एक छोटं फंक्शन ठेवलं. फ्लॅगची किंमत घ्यायची आणि तीच परत करायची, बस. शून्य परत आलं की ‘इफ’ आपोआप हो समजतं. कंसच नको. हे लिहिल्यावर शून्य का निवडलं असेल ते मला नीट कळलं: किंमत सरळ परत करता यावी म्हणून ती सोयीची आहे. निवड समजली, पटलीही. धोका मात्र तेवढाच आहे, कारण नवा माणूस आधी कंसच लिहितो.

तारे चार. एक तारा त्या ४१ फोल्डरांसाठी कापला आहे आणि तो मी परत देणार नाही. लायब्ररीची प्रत आम्ही आमच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. नवी आवृत्ती घ्यायच्या आधी केट वॉर्ड यांच्याच एसएचयुनिट२ या चाचण्या लिहायच्या साधनात लिहिलेल्या आमच्या चाचण्या डॅश, बॅश आणि मॅकवरच्या बॅश ३.२ या शेलांवर चालवतो. पहिली चाचणी तालमीची आहे: जागा असलेल्या नावांची तीन फोल्डरं बनवते, तालीम लावते, आणि नंतर तिन्ही जागच्या जागी आहेत का ते मोजते.