कोपऱ्यातली सुगम्यता पट्टी की मूळ कोडची दुरुस्ती?

आपली वेबसाइट अपंग व्यक्तींना नीट वापरता यावी असे ठरले, की दोन पर्याय समोर येतात. एक तयार साधन. कोडची एकच ओळ टाकली की पानाच्या कोपऱ्यात एक चिन्ह येते. त्यावर दाबले की अक्षरे मोठी करा, रंग बदला, अशी पट्टी उघडते. आतल्या चुका साधन आपोआप सुधारेल, असेही विक्रेते सांगतात. दुसरा पर्याय म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा कोड आणि मजकूर दुरुस्त करणे. पहिले काम एका दुपारी उरकते, दुसऱ्याला आठवडे लागतात, कधी महिनेही. माझा कौल आधीच सांगते: दुसरे करा.

पट्टीचा उपयोग शून्य नाही. ब्राउझरमध्ये पान मोठे करता येते हे ज्यांना ठाऊक नाही, अशा अल्पदृष्टी वाचकांना ती कामी येते. पण दृष्टिहीन व्यक्ती एनव्हीडीए किंवा जॉजसारखा, फोनवर व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून वाचून दाखवणारा प्रोग्राम, आधीपासूनच वापरत असते. आवाज, वेग, कळा सगळे तिच्या हाताला बसलेले असते. तिला आणखी एक स्क्रीन रीडर नको असतो, आपल्या स्क्रीन रीडरला कळेल असे पान हवे असते.

खरा फरक बटणापाशी दिसतो. अनेक डेव्हलपर साध्या चौकटीला रंग देऊन बटणासारखी सजवतात. माउसने ती चालते, पण टॅब कळ तिला ओलांडून पुढे जाते आणि हे बटण आहे हे स्क्रीन रीडरला समजत नाही. तिच्या जागी एचटीएमएलचे, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेतले, खरे बटण ठेवले, की टॅब तिथे थांबते, एंटर आणि स्पेस चालतात, स्क्रीन रीडर ‘बटण’ म्हणतो. पट्टीला मात्र ही चौकट बटण असावी असा तर्क करावा लागतो. तर्क चुकला तर चुकीची माहिती वाचून दाखवली जाते, आणि चुकीची माहिती ही माहितीच नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवून पुढे जातो.

चित्रांचेही तेच. यंत्र आलेख पाहून ‘रेषांचा आलेख’ असे वर्णन देईल, पण रेष कशाची आणि ती कुठे घसरली हे ज्याने आलेख काढला त्यालाच लिहिता येते. स्कॅन केलेल्या पीडीएफ आणि व्हिडिओची चांगली उपशीर्षके तर पट्टीच्या आवाक्याबाहेरच. मोबाइल अ‍ॅप असेल तर वेबसाइटवरची पट्टी तिथे पोहोचतच नाही.

दाव्यांबद्दल एक नोंद. आपले साधन कोणतीही वेबसाइट डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार करून देते, असे ‘अ‍ॅक्सेसिबी’ ही कंपनी सांगत होती. हे दिशाभूल करणारे असल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

खर्चाचे गणित सरळ नाही. पट्टीचे शुल्क लहान, पण दरवर्षीचे, आणि थांबवले की हाती काही उरत नाही. दुरुस्तीला सुरुवातीला जास्त पैसे लागतात. शिवाय ती एकदा करून सुटका होत नाही. नवे पान, नवा फॉर्म आला की जुनीच चूक परत येते, म्हणून डेव्हलपरबरोबर मजकूर लिहिणाऱ्यालाही शिकवावे लागते.

पैसे कमी असतील तर सगळी वेबसाइट हाती घेऊ नका. लॉग-इन, शोध, मुख्य फॉर्म, पैसे भरणे एवढे आधी घ्या. माउस काढून ठेवा आणि केवळ कीबोर्डवर ही कामे करून पाहा. कुठे अडता ते अर्ध्या तासात कळेल. प्रत्येक रकान्याला जोडलेले लेबल हवे, आणि चूक निव्वळ लाल कडेने न दाखवता शब्दांत सांगायला हवी. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिके-गडदपणातला फरक, किमान ४.५:१ असावा. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ नुसार दाबण्याची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. हात थरथरणाऱ्या माणसासाठी मी ती याहून मोठीच ठेवीन.

स्वयंचलित तपासणी जरूर चालवा, पण वर्णन लिहिलेले आहे की नाही एवढेच ती सांगते, ते बरोबर आहे का हे नाही. म्हणून पट्टीच्या शुल्कातून वाचलेले पैसे रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या किंवा माउस न धरता येणाऱ्या दोन-तीन जणांना मानधन म्हणून द्या आणि त्यांच्याकडून तीच चार कामे करून घ्या. ते काम करत असताना मध्ये बोलू नका.