दाढीचे ब्रश: जमवायचे की झिजवायचे?

जळगावात मे महिन्यात सकाळी दाढी करून खिडकीत ठेवलेला ओला ब्रश दुपारच्या जेवणापर्यंत बऱ्यापैकी सुकलेला असतो. तोच ब्रश ऑगस्टमध्ये बाथरूमच्या फळीवर दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा बुंध्याशी गार लागतो. ज्याला ब्रश रोज वापरायचा आहे त्याला मे सोयीचा आणि ऑगस्ट अडचणीचा. ज्याला जुने ब्रश जमवायचे आहेत त्याच्यासाठी मात्र मे हाच खरा वैरी. कारण वापरणाऱ्याचा जीव केसांत असतो आणि जमवणाऱ्याचा ब्रशाच्या मुठीत. दोन्ही छंदांची वस्तू एकच असली तरी गरजा अगदी उलट आहेत. एकाच ब्रशावर दोन्ही हौशी भागवायला गेलं की बहुतेक वेळा तो ब्रशच हातचा जातो.

आधी मोजमाप समजून घ्या, कारण विकत घेताना दोघांनाही तेच लागतं. मुठीच्या तोंडाशी केसांचा जो गठ्ठा चिकटवलेला असतो तो गुच्छ. त्याचा व्यास साधारण २२ ते २६ मिलिमीटर आणि मुठीच्या वर केसांची उंची ४८ ते ५५ मिलिमीटर. व्यास वाढला आणि उंची घटली की ब्रश ताठ होतो. व्यास कमी आणि उंची जास्त असेल तर तो लुळा पडतो. २४ व्यास आणि ५० ते ५२ उंची हा चेहऱ्यावरच फेस करणाऱ्यासाठी मधला मार्ग. दुकानदार 'मोठा' आणि 'छोटा' एवढंच सांगतो, म्हणून खिशात व्हर्नियर किंवा निदान शिवणकामाची पट्टी असू द्या.

रोज वापरायचा तर

केसांचे चार प्रकार: डुक्कर, बॅजर (एक रानटी प्राणी), घोडा आणि सिंथेटिक. आपल्याकडे पहिला प्रश्न पोताचा नसतो, केस कशाचे आहेत हा असतो. जनरल स्टोअरमध्ये शे-दीडशेला मिळणाऱ्या ब्रशावर नुसतं 'ब्रिसल' लिहिलेलं असेल तर ते डुकराचे केस असू शकतात, आणि खान्देशात अनेक घरांना ते चालत नाहीत. ओळखायचं सोपं आहे. गळून पडलेला एक केस चिमट्यात धरून काडी लावा. प्राण्याचा केस असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते. नायलॉन असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. घेण्याआधी दुकानात ही परीक्षा करायला कोणी देणार नाही, पण पहिल्या दिवशी एखादा केस गळतोच.

डुकराचा केस सुरुवातीला खरखरीत असतो. नवा ब्रश शाम्पूने धुवा, नाहीतर पहिले काही दिवस गोठ्यासारखा वास येतो. दाढीआधी कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं भिजवा. कोरडाच साबणावर घासला तर केस बुंध्याशी मोडतात. वीस-तीस दाढ्यांनंतर टोकं फाटून दोन-दोन होतात, आणि तेव्हा कुठे तो मऊ लागायला लागतो. पाचव्या दिवशी 'टोचतो' म्हणून ब्रश टाकणाऱ्याने खरं तर अर्धा ब्रशच वापरलेला असतो. पहिल्या आठवड्यात पाच-दहा केस गळणं साहजिक आहे. महिन्यानंतरही रोज गळत असतील तर गुच्छ नीट चिकटवलेला नाही.

बॅजर पाणी भरपूर धरतो आणि चेहऱ्यावर उबदार लागतो. पण सर्वांत महाग तोच, आणि पावसाळ्यात सर्वांत उशिरा वाळतो तोही तोच. घोड्याचा केस या दोन्हींच्या मधला. तो शेपटी आणि आयाळीतून कापून घेतात, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे डोळ्यांसमोर आणले तर एका शेपटीत किती ब्रशांचा ऐवज आहे याचा अंदाज येईल. सिंथेटिकला भिजवावं लागत नाही, बुडवून झटकला की काम सुरू. तो क्रीमही कमी खातो आणि चार-सहा तासांत वाळतो. जाणकार पूर्वी नाक मुरडायचे ते जाड नायलॉनच्या ब्रशांना. आताच्या बारीक, टोकाला निमुळत्या धाग्यांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आता पाणी. खान्देशात ब्रशाची निम्मी रडगाणी पाण्याची असतात, आणि दोष मात्र ब्रशावर किंवा क्रीमवर जातो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणाशी जमून त्याचा न विरघळणारा साका तयार होतो. फेस होतो, पण पातळ, आणि वस्तरा गालावर फिरेपर्यंत बसून जातो. परीक्षा घरच्या घरी होते. दोन बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी आणि दुसरीत तितकंच जारचं. दोन्हींत नखाएवढा साबण किसून टाका आणि दहा वेळा हलवा. जारच्या पाण्यावर फेसाचा थर राहील. बोअरच्या पाण्यात दह्याचं पाणी सुटल्यासारखे कण तरंगतील. तोच साका ब्रशाच्या बुंध्यात रोज थोडा-थोडा बसतो. महिन्या-दोन महिन्यांत केस मुळाशी चिकट आणि वर राठ होतात, मधोमध भोवरा पडून खड्डा दिसायला लागतो.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावे लागतात. पहिला म्हणजे फेसाचं पाणी आणि धुण्याचं पाणी वेगळं करणं. फेसाला अर्धी वाटी जारचं किंवा फिल्टरचं पाणी पुरतं. बाकी धुणं बोअरच्या पाण्याने झालं तरी चालतं, फक्त शेवटचा हात चांगल्या पाण्याचा. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ही वाटी परवडते, बादली परवडत नाही. दुसरा उपाय दर महिन्याचा: एका वाटी कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर, किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल अर्धा चमचा. त्यात फक्त केस पाच मिनिटं बुडवा, मूठ नाही. मग साध्या पाण्याने धुऊन शाम्पू लावा. ही आंबट गोष्ट फेसाच्या पाण्यात मात्र कधीच घालू नका, आम्लाने साबण फुटतो आणि फेस तयारच होत नाही. क्रीम घेताना डबीवर घटकांत ईडीटीए आहे का बघा, ते जड पाण्यातले क्षार बांधून ठेवतं. साबण वापरत असाल तर मऊ पाण्यात वीस-तीस सेकंद घासणं पुरतं, जड पाण्यात मिनिटभर घासा. क्रीम शेंगदाण्याएवढं घ्या. फेस बसतो म्हणून सुपारीएवढं घेतल्याने नुसता खर्च वाढतो.

बाकी पथ्यं थोडकी. ब्रश पिळायचा नाही, केस हातात दाबून पाणी काढायचं आणि दोनदा झटकायचा. उलटा टांगा किंवा उभा ठेवा, फारसा फरक पडत नाही. हवा लागायला हवी. बंद कपाटात ओला ठेवला तर पावसाळ्यात आठवड्यात बुरशीचा वास येतो. चेहऱ्यावर गोल फिरवताना दाबून चेपू नका, केस मधून मोडतात. आणि उकळतं पाणी नको. गुच्छ ज्या गोंदाने बसवलेला असतो तो सततच्या कडक पाण्याने सैल होतो आणि एके दिवशी गुच्छ अख्खाच्या अख्खा हातात येतो.

जमवायचे तर

इथे केसांना दुय्यम स्थान. जुन्या ब्रशाची किंमत मुठीचं द्रव्य, मुठीवरचा छाप, मूळ डबी आणि अवस्था यांवर ठरते. कंपन्यांमध्ये ब्रिटनमधली केंट १७७७ ची, फ्रान्सची प्लिसाँ १८०८ ची, लंडनची सिम्पसन १९१९ ची आणि इटलीची ओमेगा १९३१ ची. या नावांभोवती जगभरचे संग्रह उभे राहतात. खान्देशात ते क्वचितच हाती लागतील. इथे मिळतं ते वेगळं आणि खरं तर जास्त मजेचं: पितळी आणि ॲल्युमिनियमच्या नळीत स्क्रूने बसणारे प्रवासी ब्रश, रंगीत प्लास्टिकच्या मुठी, कुणा न्हाव्याच्या धोकटीतला तेलकट झालेला लाकडी ब्रश. भंगारवाल्याकडे ते किलोच्या भावात जातात. 'काय भो, यायचं काय करशीन?' असं कोणी विचारलं तर मनावर घेऊ नका.

मुठीचं द्रव्य ओळखता आलं नाही तर पैसे आणि वस्तू दोन्ही जातात. गॅलॅलिथ, कॅटालिन आणि सेल्युलॉइड ही जुन्या काळची प्लास्टिकं. गॅलॅलिथ दुधातल्या केसीनपासून बनतं. त्याला पाणी सोसत नाही, ते फुगतं आणि तडकतं. म्हणजे गॅलॅलिथची मूठ हा न वापरण्याचाच ब्रश. कॅटालिन उन्हात पिवळट-तपकिरी होतं आणि उष्णतेने त्याला भेगा जातात. सेल्युलॉइड तर पेट घेतं. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या पितळी वस्तू हिरव्या पडतात. ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या पेटीत हे तिन्ही एकत्र असतील तर एका उन्हाळ्यात संग्रहाची वाट लागते. माळा नको. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीजवळच्या कप्प्यात, सेल्युलॉइड बाकीच्यांपासून वेगळं आणि हवा लागेल असं. डांबरगोळ्या जुन्या प्लास्टिकजवळ ठेवू नका, काही प्लास्टिकं त्यांनी मऊ पडून चिकटतात. पण कीड केस खाते हे खरं आहे. म्हणून मूठ न भिजवता केस साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि दर दोन महिन्यांनी उघडून बघा. बुंध्याशी बारीक भुसा दिसला तर तो ब्रश ताबडतोब वेगळा काढा.

पांढऱ्या मुठीबाबत जास्तच सावध. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसतात. हाडावर काळसर ठिपके आणि तुटक रेघा असतात. हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या सेल्युलॉइडवर सरळ समांतर पट्टे असतात. तापलेली सुई टोचून बघण्याचा जुना सल्ला पाळू नका. ते सेल्युलॉइड निघालं तर सुईसरशी पेटू शकतं. आणि हस्तिदंत निघाला तर तो घेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. 'आजोबांच्या काळचा आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरी सावधगिरी आरोग्याची. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या व इतर जनावरांच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना ॲन्थ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली होती. तिचे बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात आणि घरगुती उकळण्याने मरतीलच असं नाही. त्यामुळे १९३० पूर्वीचा वाटणारा, मूळ केसांचा ब्रश गालाला लावायचा नाही आणि त्याचे केस कापायचे-उकरायचेही नाहीत. काचेआड ठेवा.

जमवणाऱ्याची खरी मेहनत वहीत असते. प्रत्येक ब्रशाला क्रमांक, व्यास, केसांची उंची, एकूण उंची, वजन, छापावरचा मजकूर जसाच्या तसा, आणि कुठून, किती रुपयांना घेतला ते. ही नोंद नसेल तर चाळीस ब्रशांची पेटी दहा वर्षांनी पुन्हा भंगारातच जाते.

मग घ्यायचं काय?

पैसे मोजून बोलायचं तर वापराचा छंद स्वस्तात लवकर संपृक्त होतो. एक सिंथेटिक, एक डुकराचा किंवा घोड्याचा, आणि हौस असेल तर एक बॅजर. तीनच्या पुढे केसांतला फरक गालाला कळत नाही, फक्त डोळ्याला कळतो. तिथून पुढे तुम्ही जमवणारेच झालात, कबूल करा. उन्हाळ्यात एकाच ब्रशावर भागतं. जून ते सप्टेंबर मात्र दोन आलटून-पालटून हवेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला दोन दिवस मिळतात. संग्रहाला कुंपण नाही, आणि इथे जवळपास विकत घेणाराही नाही. विकायची वेळ आली तर पुणे-मुंबई किंवा परदेशाकडेच बघावं लागतं. नफ्याच्या आशेने यात पडू नका. दाढी रोज करत नसाल, पाणी कमालीचं जड असेल, पण जुन्या वस्तू हाताळायची, त्यांचं द्रव्य ओळखायची ओढ असेल तर बिनधास्त जमवा. दाढीचा कंटाळा घालवायचा असेल तर सिंथेटिकपासून सुरुवात करा आणि माळ्याकडे बघू नका.

दोन्हींच्या मधोमध एक वाट आहे: जुन्या मुठीत नवा गुच्छ. ब्रश १९३० नंतरचा आणि मूठ लाकडी, पितळी किंवा नंतरच्या काळातल्या साध्या प्लास्टिकची असेल तरच. जुने केस मुठीच्या तोंडाशी कापा आणि उरलेला बुंधा बारीक बिटाने थोडा-थोडा पोखरा. ड्रिल सावकाश चालवा, तोंडाला मास्क बांधा. खड्डा नव्या गुच्छाच्या बुंध्यापेक्षा जेमतेम सैल आणि साधारण १० ते १२ मिलिमीटर खोल हवा. चिकटवण्याआधी गुच्छ कोरडाच बसवून उंची मोजा. ५५ येत असेल आणि ५० हवी असेल तर खड्डा आणखी खोल करा. कमी येत असेल तर तळाशी कागदाची चकती घाला. दोन नळ्यांचं ॲराल्डाइट समसमान मिसळा आणि हरभऱ्याएवढंच घ्या. जास्त झालं तर ते केसांत वर चढतं आणि गुच्छाच्या पोटात कडक गाठ होते, ती पुढे जन्मभर गालाला जाणवते. २४ तास हात लावू नका. काढलेले जुने केस पाकिटात भरून त्यावर वहीतला क्रमांक लिहा; ती मूठ पुढे एखाद्या संग्राहकाने मागितली तर तो पहिला प्रश्न त्याच पाकिटाचा विचारेल.